सहा जणांची गाडी

“इथला माणूस कुठे गेला?”

उत्तमरावांनी गाडीच्या मागच्या दारातून डोकं आत घातलं होतं आणि मधल्या रांगेतल्या दोन खुर्च्यांमधल्या मोकळ्या जागेकडे ते बोट दाखवत होते. शोरूममधला सुशांत नावाचा विक्रेता आधी हसला. गिऱ्हाईक काहीही बोललं तरी आधी हसायचं, असं त्याला शिकवलेलं असावं.

“सर, ह्यात मधे कॅप्टन सीट्स आहेत. दोघांना सेपरेट. परफॉर्मन्स मॉडेल आहे ना, हे सिक्स सीटरच येतं.”

“आणि ती पलीकडची पांढरी?”

“ती स्टँडर्ड. सेव्हन सीटर. इंजिन जरा कमी पॉवरचं, सस्पेन्शन नॉर्मल. बाकी बॉडी सेम टू सेम.”

“म्हणजे जास्त ताकदीच्या गाडीत कमी माणसं,” उत्तमराव म्हणाले आणि मुलाकडे वळले. “हे कसं काय रे?”

सुदेश ड्रायव्हरच्या जागेवर बसून स्टिअरिंगवरची लाल शिवण बोटांनी चाचपत होता. “बाबा, कम्फर्ट असतो तो. तुम्हाला नाही कळणार.”

झालं. ‘तुम्हाला नाही कळणार’ हे वाक्य उत्तमरावांनी नोकरीत असंख्य वेळा ऐकलं होतं, आणि बहुतेक वेळा त्या वाक्यामागे एक विनातिकीट माणूस सापडला होता.

उत्तमराव मांडवकर एसटीत तिकीट तपासनीस होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कोपरच्या त्यांच्या सोसायटीत अजूनही सगळे त्यांना ‘चेकर काका’ म्हणत आणि त्यांना ते आवडे. त्यांची एक रीत होती. गाडीत चढल्यावर ते लगेच तिकीट मागत नसत. दारात उभं राहून नुसतं बघायचं. ज्याच्याकडे तिकीट आहे तो चेकरकडे बघतो, निदान वैतागून तरी. ज्याच्याकडे नाही तो खिडकीबाहेर बघतो, बाहेर जणू त्याचंच शेत पिकलंय. हा नियम त्यांनी खात्यातल्या नव्या मुलांना शिकवला होता, सुनेला ऐकवला होता आणि नातवंडांना तर गोष्टीसारखा सांगितला होता.

खात्यानं बिल्ला परत घेतला, पण नजर काही परत घेता आली नाही. दुधाची पिशवी ते हातात तोलून बघत. वॉचमन आजारी म्हणून रजेवर गेला की संध्याकाळी फेरफटका मारता मारता त्याच्या खोलीवरून जाऊन येत. मालनबाईंना भाजी आणायला जरा वेळ लागला की दारातच उलटतपासणी सुरू होई. कुठे गेलेलीस, कोण भेटलं, ती काय म्हणाली, तू काय म्हणालीस, आणि एवढा वेळ गेला तर मेथी एवढीशीच कशी. मालनबाई चपला काढता काढता सगळ्याची उत्तरं देत. लग्न झाल्यापासून देत आल्या होत्या. घरात त्याची थट्टाच व्हायची. सुदेश म्हणायचा, आई म्हणजे बाबांची कायमची पासवाली प्रवासी, पास असला तरी रोज दाखवायचाच.

ही गाडी घ्यायची ठरली तीही उत्तमरावांच्याच आग्रहाने. राजापूरच्या पुढे गावी गणपतीला जायचं तर जुन्या छोट्या गाडीत सुदेश, त्याची बायको रसिका आणि दोन मुलं मावत. उत्तमराव, मालनबाई आणि टिटवाळ्याहून आलेली उत्तमरावांची विधवा बहीण तुळसा एसटीने मागून जात. ‘एकाच घरची माणसं दोन गाड्यांनी पोचतात, बरं दिसत नाही,’ हे उत्तमराव दर वर्षी म्हणत. म्हणून मोठी गाडी. सात माणसं, सात जागा. एवढा सरळ हिशेब असताना पोरगा सहाच्या गाडीत जाऊन बसतो, म्हणजे एक माणूस त्याने मनातल्या मनात खाली उतरवलेला आहे. प्रश्न एवढाच होता की कोण.

दोन्ही गाड्या चालवून बघायच्या ठरल्या. मालनबाई आणि रसिकाही बरोबर आल्या होत्या. आधी पांढरी स्टँडर्ड घेऊन सगळे घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत जाऊन आले. गाडी शहाण्या मुलासारखी चालली. उत्तमराव मुद्दाम सगळ्यात मागे बसले होते. गुडघे थोडे वर येत होते, पण गाडीत जागा होती आणि जागेवर माणूस होता, त्यांची तक्रार नव्हती.

मग परफॉर्मन्स गाडी काढली. सुदेशने एक बटण दाबलं, गाडी गुरगुरली आणि उड्डाणपुलाच्या चढावर अशी सुटली की उत्तमरावांचं डोकं मागे आपटलं.

“भारी ना?” सुदेश आरशातून बघत म्हणाला. “घाटात ट्रकच्या मागे रखडायला नको. असा ओव्हरटेक मारायचा.”

“टॉर्क बघा ना सर,” पुढे बसलेला सुशांत म्हणाला. “एकदा ही चालवली की स्टँडर्ड कोणी घेतच नाही.”

“मग ती बनवता कशाला?” उत्तमरावांनी विचारलं.

सुशांत पुन्हा हसला. उत्तमरावांनी हसण्याकडे लक्ष दिलं नाही. मागच्या रांगेतून ते आपल्या माणसांना न्याहाळत होते. सुदेशच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लहानपणी खोटं बोलला की व्हायच्या. रसिका मोबाइलमध्ये काहीतरी बघत होती, पण बोट हलत नव्हतं. तिच्या शेजारच्या खुर्चीत मालनबाई हात मांडीवर ठेवून बाहेरच्या खाडीकडे बघत होत्या. सुदेश आणि रसिका, दोघांचं संगनमत आहे, एवढं उत्तमरावांनी नक्की केलं.

“मग बाबा, ही फायनल करू?” परत आल्यावर सुदेशने विचारलं.

“उद्या सांगू,” उत्तमराव म्हणाले. “घाई करणाऱ्याचं काहीतरी लपलेलं असतं.”

पहिला संशय आला तो तुळसालाच वगळलं असणार असा. गेल्या गणपतीत तुळसाने भर पंगतीत रसिकाच्या मोदकांना ‘करंज्या बऱ्या झाल्यात’ म्हटलं होतं. सूनबाई तेव्हा काही बोलली नव्हती, आणि न बोललेली गोष्ट उत्तमराव कधी विसरत नसत. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी टिटवाळ्याला फोन लावला.

“तुळसा, तुला सुदेश काही बोलला काय? गाडीचं?”

“बोलला की. परवाच फोन आलेला त्याचा. म्हणाला, आत्या, नव्या गाडीत मधली खुर्ची तुझी. पाय लांब करून बस. रसिकापण बोलली. यंदा मोदक तूच शिकव म्हणाली. का रे दादा?”

“काही नाही,” म्हणून उत्तमरावांनी फोन ठेवला.

तुळसाची जागा पक्की होती. मुलांना तर कोणी सोडणार नाही. मग राहिलं कोण? उत्तमराव खुर्चीत बसले आणि त्यांना एकेक आठवायला लागलं. गेल्या आठवड्यात रसिका म्हणाली होती, ‘बाबांना काय, एसटीच गोड लागते.’ तेव्हा सगळ्यांबरोबर तेही हसले होते. सुदेश म्हणाला होता, ‘बाबा गाडीत बसले की मला चालवायला टेन्शन येतं, स्पीड सांगत राहतात.’ तेव्हाही हसले होते. आता त्या हसण्याची त्यांना लाज वाटली. ज्या माणसाने एकत्र जायला गाडी घ्या म्हटलं, त्यालाच खाली उतरवून गाडी पुढे जाणार होती. दुपारी ते जेवले नाहीत. मालनबाईंनी एकदा विचारलं आणि ताट झाकून ठेवलं.

संध्याकाळी सुदेश घरी आला. रसिकाने चहा ठेवला, मालनबाई जमिनीवर बसून शेंगा सोलत होत्या. उत्तमरावांनी कपाला हात लावला नाही.

“सुदेश, मी एसटीने जाईन,” ते म्हणाले. “माझ्यामुळे तुझी ताकदीची गाडी अडायला नको.”

“काय? तुम्ही कशाला एसटीने?”

“सहा जागा आहेत. मला मोजता येतं.”

“अहो बाबा, तुमची सीट पुढे आहे. माझ्या बाजूला. तुमच्याशिवाय गणपती कोण आणणार घरी?” सुदेश खरोखरच गोंधळला होता. “तुम्हाला कोणी सांगितलं तुम्ही नाही म्हणून?”

उत्तमरावांनी त्याच्या कानांकडे बघितलं. लाल नव्हते.

“मग कोण नाही?”

सुदेशने रसिकाकडे बघितलं, रसिकाने गॅसकडे. गॅस बंद होता.

“मी,” मालनबाई म्हणाल्या. त्यांचे हात थांबले नव्हते. “मीच सांगितलं त्याला. त्याच्यावर ओरडू नका. त्याला त्या गाडीचा वेग आवडला आणि मला तिची एक खुर्ची कमी आहे ते आवडलं.”

“तू नाही येणार? गणपतीला?” गावच्या घरची ती मोठी सून. नैवेद्याचं पान तिच्या हातचं असायचं. असं काही होऊ शकतं हेच उत्तमरावांच्या डोक्यात शिरेना. “का? गुडघे दुखतात?”

“नाही.”

“बहिणीकडे जायचंय?”

“नाही.”

“मग घरी कोण येणार आहे?”

बोलून गेल्यावर त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. स्वयंपाकघरात रसिकाने मान खाली घातली. मालनबाईंनी मात्र शेंगा बाजूला ठेवल्या आणि नवऱ्याकडे नीट बघितलं.

“हेच,” त्या म्हणाल्या. “हेच थोडे दिवस नको म्हणून. कोणी येणार नाहीये. मला एकटीला राहायचंय. बाजारात जाईन, वाटलं तर उशीर करेन. खाडीवर जाऊन बसेन. दार उघडून आत येईन आणि कुठे गेलेलीस म्हणून कोणी विचारणार नाही. अहो, लग्न झाल्यापासून मी एकदासुद्धा काही न सांगता घरात पाऊल टाकलेलं नाही. मी कधी खोटं बोलले नाही तुमच्याशी. तरी रोज सांगत आले. आता दमले मी.”

“मी… सवयीने विचारतो गं,” उत्तमराव म्हणाले. “संशय म्हणून नाही.”

“माहितेय मला. पण सांगायला लागतंच ना?”

घोडबंदर रोडला खिडकीबाहेर कोण बघत होतं, ते उत्तमरावांना आत्ता आठवलं. आयुष्यभर ज्या खुणेवर माणसं पकडली ती खूण समोर होती, आणि ते मुलाचे कान तपासत बसले होते.

“मला सरळ सांगायचं होतंस,” ते हळूच म्हणाले.

“सरळ सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतंत, का म्हणून. मग मला तेही सांगायला लागलं असतं. गाडीत जागाच नसेल तर प्रश्न येणार नाही, असं वाटलं.”

सुदेशचा फोन वाजला. त्याने नाव बघितलं. “शोरूमचा सुशांत. बाबा, आईसाठी म्हणून मी हो म्हटलेलं. तुम्ही बोला तर स्टँडर्ड घेतो. खरंच. मला चालेल.”

आता सगळं उत्तमरावांच्या एका शब्दावर आलं होतं. स्टँडर्ड म्हटलं की सातवी जागा होती, आणि जागा असली की घरच्या सुनेला कोणी मागे ठेवत नाही. मालनबाईंनाही ते माहीत होतं.

“सात जणांची घेतली तर येशील?” त्यांनी विचारलं.

“घेतलीत तर येईन. बसवलंत तिथे बसेन.”

बायकोने त्यांना कधी नाही म्हटलं नव्हतं, आणि आताही म्हणत नव्हती. तेच त्यांना सहन होईना. फोन वाजून थांबला आणि पुन्हा वाजायला लागला. नाईलाजाने सुदेशने तो उचलला.

“सहा जणांची सांग,” उत्तमराव म्हणाले आणि उठून गॅलरीत गेले. डोळे भरून आले होते आणि ते घरात कोणाला दिसायला नको होते.

गणपतीच्या आदल्या दिवशी उजाडता उजाडता काळी गाडी सोसायटीच्या गेटात उभी राहिली. तुळसा मुक्कामालाच येऊन राहिली होती. ती मधल्या खुर्चीत पाय लांब करून राणीसारखी बसली. मुलं मागे चढली. मालनबाई खाली आल्या, पुरणपोळ्यांचा डबा रसिकाच्या हातात दिला, देवासाठी विणलेलं वस्त्र तुळसाकडे दिलं. त्यांच्या पायात चपला होत्या आणि खांद्याला पिशवी होती. एवढ्या सकाळी बाजार उघडलेला नसतो. कुठे निघालीस, हे शब्द उत्तमरावांच्या अगदी जिभेवर आले.

“सावकाश जा,” मालनबाई म्हणाल्या.

“हो,” म्हणून उत्तमरावांनी दार लावून घेतलं. गाडी वळली तेव्हा आरशात त्यांना बायको दिसली. ती रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चालली होती, कुठे ते कळत नव्हतं.

शिळफाट्यापर्यंत मुलांचाच आवाज होता. पनवेलच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला, सुदेशने बटण दाबलं आणि गाडी गुरगुरत निघाली. मुलं ओरडली. तुळसाने खुर्चीचा हात घट्ट धरला आणि मग आठवल्यासारखं पुढे वाकून विचारलं,

“दादा, वहिनीचे गुडघे दुखतात म्हणालास ना काल? ती तर बघ कशी भराभर चालत गेली. नक्की झालंय काय तिला?”

उत्तमरावांनी सीटबेल्ट उगाच सैल केला.

“दादा, तुला विचारतेय मी.”

बाहेर भाताची शेतं भरून उभी होती. उत्तमराव खिडकीला टेकून त्यांच्याकडे बघत राहिले.