कोरड्या गाडीची अट

निलंग्याच्या वैजनाथ बिराजदाराची पांढरी गाडी म्हणजे गावातल्या समद्या नवरदेवांची गाडी. कुणाचंही लग्न निघालं की वरातीला ती ठरलेली. भाडं घेणं वैजनाथला कमीपणाचं वाटे. उलट फेटा बांधून तो स्वतःच चालवायला बसे, आणि पुढं वाजंत्री वाजली की नवरदेवापेक्षा ताठ होई.

यंदा पावसाळा लागला आणि या मानाच्या गाडीत तळं साचायला लागलं. पाऊस बाहेर थांबायचा, आत थांबत नसे. बरं, ते तळं सापडावं कुणाला, तर नांदेडच्या विहीणबाईंना, म्हणजे त्याच्या गरोदर लेकीच्या, ऋतुजाच्या सासूला. पाहुण्यांकडं देगलूरला जाताना त्या मोठ्या मानानं पुढच्या सीटवर बसल्या, आणि नायगाव यायच्या आतच त्यांची नवी इरकल घोट्यापर्यंत भिजली. देगलूरला उतरून त्यांनी लुगड्याचा काठ पिळला आणि मग सुनावलं. पहिलं बाळंतपण माहेरी होतं हे खरं, पण त्यांची सून असल्या डबक्यात बसून जाणार नाही. डोहाळजेवणापर्यंत गाडी कोरडी झाली तर ऋतुजाला न्यावं, नाहीतर बाळंतपण नांदेडातच.

ऋतुजाचा फोन आला. "बाबा, मला आईजवळच यायचंय ओ. यष्टीनं येऊ का?"

वैजनाथनं फोन ठेवला. गावच्या पोरांना मिरवलं आणि पोटच्या पोरीनं सातव्या महिन्यात यष्टीत धक्के खायचे! त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शोध सुरू झाला. शेजारच्या मलप्पानं सुचवलं की खाली रांगोळी पसरायची, वरून पाणी सोडायचं, म्हणजे ओल कुठून येते ते कळतं. युक्ती चांगली होती. पण मलप्पानं पाइप जोडला तो बोअरच्या मोटारीला. आत छत्री उघडून बसलेल्या वैजनाथला पहिल्या झटक्यात वाटलं, काच फुटून पाणीच अंगावर येतंय. तो दचकला, छत्री छताला अडकली आणि सगळी रांगोळी उडून त्याच्या मिशांना लागली. ओल कुठून आली ते रांगोळीलाच ठाऊक, आणि ती आता मिशांवर होती.

मग त्यानं बाजारातून सिलिकॉनच्या नळ्या आणल्या. छताची पट्टी भरली, खिडक्यांची रबरं भरली, आणि हात लागला तसे दरवाजेही भरले, तेही आत बसून. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! सिलिकॉन वाळलं तेव्हा चारी दरवाजे चिकटले होते आणि वैजनाथ आत होता. बायकोनं, शिवकन्येनं, त्याला डिकीतून पाय धरून ओढून काढलं. इतकी वर्षं संसार केला, पण नवऱ्याला असं बाळंतीण सोडवल्यासारखं सोडवावं लागेल असं वाटलं नव्हतं, असं ती म्हणाली. सुरीनं दरवाजे मोकळे केले. त्या संध्याकाळी पाऊस आला आणि तळं पुन्हा जागेवर हजर.

वैजनाथ ओट्यावर डोकं धरून बसला. तेवढ्यात मलप्पाची शेळी उडी मारून बॉनेटवर चढली. तो खडा घेऊन धावला, पण शेळी हलेना. पुढच्या काचेखाली वायपरची काळी जाळी असते ना, तिच्यात तोंड घालून ती हिरवं काहीतरी ओरबाडत होती.

वैजनाथनं जाळी उचकटली. खाली ज्वारीचं शेत उगवलं होतं.

आपल्याकडं लग्नात तांदूळ कोण उधळतो? ज्वारीच. दर वरातीला मूठमूठ रंगीत अक्षता काचेवर पडल्या, घरंगळून जाळीत गेल्या, वर झेंडूच्या पाकळ्या आणि धुरळा बसला. पाऊस लागताच पीक आलं. मुळांनी पाणी वाहून जायचं भोक गच्च बुजवलं, आणि पाणी बिचारं एसीच्या वाटेनं आत येऊ लागलं.

"सगळ्या गावाची लग्नं आमच्या गाडीत उगवली," शिवकन्या म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली. मुळं उपसली, भोकात तार घातली, आणि पाणी गपकन चाकापाशी बाहेर पडलं. वैजनाथला रडूच आलं.

डोहाळजेवणाला जाताना नांदेडपर्यंत धो धो पाऊस लागला. विहीणबाईंनी पायाखालची चटई हातानं चाचपली, सीटखाली बोटं घातली, बोटं पाहिली. कोरडी ठणठणीत. ऋतुजाचं सामान गाडीत चढलं. निघायच्या वेळी विहीणबाईंनी गाडीपुढं नारळ फोडला आणि ताटातली ज्वारीची भलीमोठी मूठ उचलली.

वैजनाथचा जीव उडाला. नको म्हणावं तर पोरीवरचा आशीर्वाद नाकारल्यासारखं. त्यानं खांद्यावरचं उपरणं काढलं, बॉनेटवर झेप घेतली आणि जाळीवर पसरून वर पालथा पडला. पाठीवरचेही झटकले तेव्हा एकूण एक दाणा उपरण्यात आला. त्यानं तो गाठीत बांधला.

विहीणबाईंचे डोळे भरून आले.

"लेकीच्या आशीर्वादाचा एक दाणाबी मातीत पडू देत न्हाई हा मानूस," त्या म्हणाल्या. "लई चुकलं माझं, इवाई. असं माहेर हाय तर मीबी येते. बारसं करूनच माघारी येईन."

त्यांनी आतून ट्रंक मागवली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. वैजनाथनं त्या कोरड्या चटईकडं पहिल्यांदाच रागानं पाहिलं.