पडदेबाईंची गाडी

चौकातला दिवा हिरवा झाला आणि पडदेबाईंच्या गाडीतला लाल. स्टिअरिंगच्या पुढे एक त्रिकोण पेटला, त्यात उद्गारचिन्ह. बाईंनी पायाखालचं पेडल दाबलं. गाडीने एक आचका दिला आणि ती ढिम्म बसली. मागे हॉर्नचा एकच गोंधळ सुरू झाला. एका स्कूटरवाल्याने जाता जाता विचारलं, "काकू, लायसन्स कुणी दिलं तुम्हाला?"

"तुला ज्याने दिलं त्यानेच," बाई म्हणाल्या, आणि उतरून गाडी ढकलायला लागल्या.

गाडीत शाळेच्या सभागृहासाठी घेतलेलं मखमली कापड होतं. आठवडाअखेर पडदे लावून देण्याचा शब्द त्यांनी मुख्याध्यापिकेला दिला होता. शब्द दिला की पडदेबाई मागे हटत नाहीत, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. खरं नाव विचाराल तर पोस्टमनसुद्धा डोकं खाजवील.

पूर्वी त्या शिवायच्या आणि त्यांचे यजमान घरोघरी जाऊन मापं घ्यायचे, शिडीवर चढून दांड्या ठोकायचे. यजमान गेले तेव्हा आता दुकानाला कुलूप लागणार, असं जो तो धरून चालला. बाईंनी पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकायला घेतली. शिकवणारा दोनदा रजेवर गेला, पण बाई शिकल्या. मग ही जुनी हायब्रिड घेतली. पेट्रोल कमी पिते आणि मागची सीट पाडली की लांब दांड्या आत मावतात, एवढंच त्यांनी पाहिलं होतं. ती गाडी होती म्हणून दुकान होतं. मापं घ्यायला रिक्षाने जाता येतं, पण शिडी, दांड्या आणि कापडाचे तागे घेऊन कोण रिक्षावाला उभं करणार?

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये टाय लावलेल्या पोराने कॉम्प्युटर जोडला आणि कागद पुढे सरकवला. "मोठी बॅटरी गेली, मॅडम. पूर्ण पॅक बदलावा लागेल."

आकडा वाचून बाईंना घाम फुटला. गाडीला जेवढे मोजले होते त्यात आणि यात फारसं अंतर नव्हतं.

"उघडून बघितलीत?"

"उघडायची गरज नसते. बिघाडाचा कोड आलाय ना."

"म्हणजे नुसती नाडी बघून काळीज बदलायला सांगताय?"

पोराला हसावं की नाही ते कळेना. बाईंनी कागदाची घडी केली आणि गाडी टोचन लावून घरी आणली.

संध्याकाळी लेक आली. ऑफिसमधून थेट, खांद्यावरची बॅगही न उतरवता. "आई, भंगारात दे ती गाडी. किती दिवस सांगतेय. माझ्याकडे ये. खोली तयार आहे, खिडकीत उजेड छान येतो. मशीन तिथेच मांड."

"आणि शिवू काय? तुमच्या उशांचे अभ्रे?"

"शीव की! नाहीतर बसून राहा. कुणाला जाब द्यायचाय तुला?"

लेकीचं बोलणं मनापासूनचं होतं आणि तोच घोटाळा होता. वाईट बोलली असती तर बाईंनी तिथल्या तिथे तिचं तोंड बंद केलं असतं. त्यांना भीती वाटत होती. लेकीकडे जाण्याची नव्हे. तिथे आवडू लागेल, याची.

"आधी ती बॅटरी कुणीतरी डोळ्यांनी बघू दे," त्या म्हणाल्या. "मग काय ते ठरवू."

दुसऱ्या दिवशी टोचनवाल्याने त्यांना एका बोळातल्या गॅरेजवर नेलं. तिथला मेकॅनिक फक्त हायब्रिडचं काम करायचा. जाडजूड, बडबड्या, कायम सर्दी झालेला माणूस. "हायब्रिड म्हणजे दोन संसार, मावशी," नाक पुसत तो म्हणाला. "पेट्रोलचा वेगळा, विजेचा वेगळा. जुनी झाली की दोन्हीकडची दुखणी काढावी लागतात. कधी बॅटरी, कधी ब्रेकचा पंप, कधी पाण्याचा. घेताना कुणी सांगत नाही."

मागचं दार उघडून तो थबकला. सीटला बाईंनी शिवलेलं कव्हर होतं. आत पातळ फोमचा थर, कडेला दुहेरी शिलाई. सीटच्या बाजूचा उभा भागसुद्धा त्यांनी झाकला होता, कोपऱ्यात सुरकुती म्हणून नाही.

"काय फिनिशिंग आहे! कुणी केलं?"

"मी." अशा दिवशीही बाईंची मान जरा ताठ झाली.

मेकॅनिकने बाजूच्या भागावर बोट दाबलं. मग अंगठा दाबला. "मावशी, इथे एक जाळी होती का हो?"

"होती. काळी, ओंगळ. धूळ बसायची. म्हणून तर झाकली."

त्याने अंगठा उचलला आणि नाक पुसलं. "बॅटरी या सीटच्या मागे असते," तो म्हणाला. "चालली की तापते. गार हवा त्या जाळीतून आत जाते. ते तिचं नाक आहे, मावशी. तुम्ही नाकावर उशी दाबून धरलीत."

बाई तिथल्या स्टुलावर बसल्या. दोन वर्षं जो तो ते कव्हर बघून वाहवा करत होता. त्याच्या जोरावर त्यांना गाडीच्या कव्हरांची दोन गिऱ्हाइकंही मिळाली होती. आपल्या हातचं सर्वांत नेटकं काम आणि त्यानेच घात केला! त्यांना रडू येईल असं वाटलं, आणि आलं ते हसू. मेकॅनिकही हसला, पण जपून.

त्याने सीट काढली, जाळीमागचा पंखा काढला. पंख्याच्या पात्यांना कापसासारखा पुंजका चिकटला होता. निळा, पिवळा, करडा. बाईंच्या दुकानातल्या कापडांचीच ती लव होती. मग बॅटरीचे चपटे डबे त्याने एकेक करून मीटरने तपासले. तीन फुगले होते.

"तीन बदलतो. जुनेच, पण जोडीला जमतील असे. पंखा साफ करतो, डबे जोडणाऱ्या गंजलेल्या पट्ट्या घासतो. सर्व्हिस सेंटरने सांगितलं त्याच्या सातव्या हिश्शात होईल. पण खोटं बोलत नाही. बाकीचे डबेही तापलेलेच आहेत. सहा महिन्यांनी आणखी एखादा जाईल. वर्षभर नाहीही जाणार."

"गेला तर?"

"तर पुन्हा उघडायची."

"उघडू," बाई म्हणाल्या. "करा सुरुवात."

"आणि कव्हरचा तेवढा भाग कापून टाका."

"कापून टाका म्हणे! धागे निघतील ना." पर्समधून त्यांनी कात्री काढली, जाळीच्या मापाची चौकट कापली, आणि सुईदोरा घेऊन कड दुमडून शिवत बसल्या. मेकॅनिकचं काम संपायच्या आधी त्यांचं संपलं. मग त्या दोन गिऱ्हाइकांना फोन करून त्यांनी जाळीचं सांगितलं, आणि कव्हरं फुकट दुरुस्त करून देते म्हणाल्या.

शनिवारी लेक सकाळीच दारात हजर. "मी येते बरोबर. बंद पडली तर ढकलायला कुणी हवं ना."

गाडी बंद पडली नाही. सभागृहात दांडी खूप उंच होती. बाई शिडीवर चढल्या, तिसऱ्या पायरीवर गुडघ्याने साफ नकार दिला. त्यांनी पाय पुन्हा उचलून पाहिला. मग त्या खाली उतरल्या. यजमानांनंतरची सगळी वर्षं त्या याच शिडीवर चढल्या होत्या.

लेकीने चपला काढल्या, ओढणी कमरेला खोचली आणि वर गेली.

"डावीकडे घे. अजून. अगं, ती डावी नव्हे, तुझी डावी! हां, बास."

पडदा सरळ पडला. बाईंनी खालची कड हाताने चाचपून पाहिली. "पुढच्या कामापासून शिडीला माणूस ठेवते," त्या म्हणाल्या. "मापं आणि शिवण माझी."

"आणि गाडी?"

"तीही माझीच."

संध्याकाळी त्यांनी लेकीला तिच्या फाटकापाशी सोडलं. लेक खिडकीत वाकली. "खोली तशीच ठेवते हं, आई."

"कशाला? तुझं ऑफिसचं सगळं जेवणाच्या टेबलावर पसरलेलं असतं, ते ने तिथे. खिडकीला पडदा मी करते. रविवारी माप घ्यायला येईन."

"माप मी घेऊन पाठवते की. तू कशाला…"

"तुझी मापं!" बाई म्हणाल्या. "रविवारी येते म्हटलं ना."

लेक फाटक उघडून आत गेली. कडी लावताना तिला आठवलं, गुडघ्याच्या डॉक्टरांचं सांगायचं राहिलं. ती वळली. बॅटरीवर निघालेल्या गाडीने कसलाच आवाज केला नव्हता. ती केव्हाच कोपऱ्यापाशी पोचली होती, आणि उजवीकडे वळायचा दिवा लावून रस्ता मोकळा व्हायची वाट बघत उभी होती.