राखाडी रेघ

...काडेपेटीएवढीच होती ती डबी, पांढरी, कडेला एक हिरवा ठिपका उघडझाप करणारी. दवाखान्याच्या खाटेवर बसून आईने ती गळ्यातल्या कापडी पिशवीतून काढली, उजेडात धरली, कानाशी नेली आणि हसून परत आत सोडली. डबीला आवाज नव्हता. तरी कामिनीला उगाच वाटलं, की आईने काहीतरी ऐकलं आहे आणि ते आपल्याला सांगितलं नाही.

"वजनच नाही वं याले," आई म्हणाली. "तुह्या बाबाले बी हेच होतं ना? ते तं लय खूश होते."

होते खरेच. आधीचे दिवस बाबा तारांनी जखडलेले होते – छातीवरून निघालेल्या पाच तारा उशाशी असलेल्या यंत्रात जायच्या, आणि कूस वळली तरी यंत्र ओरडायचं. मग एका सकाळी शिड्या आल्या, डबीतून येणारे ठोके पकडायला छताला जागोजागी पांढरे चपटे डबे बसले, वॉर्डाच्या दाराशी सिस्टरांच्या टेबलावर मोठा पडदा लागला, आणि त्या पडद्यावर साऱ्या खाटांच्या रेघा एकाखाली एक धावू लागल्या. बाबांच्या तारा निघाल्या. गळ्यात पिशवी अडकवून ते खाटेवरून उतरले, दोन पावलं चालले आणि शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणाले, "सुटलो गा!"... तो शब्द कामिनीला हल्ली भलत्या वेळी ऐकू येई. वर्गात शिकवताना, भाजी निवडताना. खडूची भुकटी हातावरून झटकता झटकता ती थांबे, आणि पुढच्या बाकावरच्या मुली एकमेकींकडे बघत.

"तू काहून उभी आहे? बस ना."

ती बसली. पलीकडच्या खाटेवर कामठीच्या प्रयागबाई होत्या; सकाळपासून त्यांनी आईशी जन्माची ओळख काढली होती. "सुभद्राबाई, माह्या पोरानं एवढा महागाचा फोन घेतला," त्या म्हणाल्या, "तं त्याले घरात रेंज नाही, अंगणात जाऊन बोला लागते. अन् इथं पाहा, काळजातलं सारं थेट टीव्हीवर!"

"मनातलं नाही दिसत ना पण?" आईने विचारलं.

"दिसलं असतं तं तुमच्या-माह्या घरच्यायनं कवाच सोडलं असतं आपल्याले."

दोघी हसल्या. हसता हसता आईने छातीवर हात दाबला, आणि कामिनी अर्धवट उठली. पण आई नुसती पिशवी सरळ करत होती. काल सकाळी देवापुढे वात लावताना आई पडली होती. छातीत धडधड होते म्हणून गेले काही दिवस सांगत होती, आणि शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलली ते हेच: मले त्याच दवाखान्यात ने, बाबाच्या.

त्याच दवाखान्यात... कारण आईला खरं माहीत नव्हतं. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, की झोपेतच गेले, सिस्टर जवळच होत्या. कामिनी शेजारी उभी होती, आणि ते वाक्य आईच्या चेहऱ्यावर कसं ऊबदार हातासारखं फिरलं ते तिने पाहिलं होतं. नंतर जिन्याच्या तळाशी सिस्टर रितिकाने कामिनीला गाठलं, मास्क हनुवटीखाली ओढून, डोळे पुसत: "ताई, मला वाटलं काका साइटवर आहेत."

साइट म्हणजे वॉर्डाच्या टोकाची गॅलरी. समोर एक इमारत उभी राहत होती. उभा जन्म ओव्हरसियर म्हणून काढलेले बाबा डबीसकट तिथे जाऊन कठड्याशी उभे राहत आणि समोरच्या गवंड्यांना इथून रागावत – विटा भिजवून नाही राहिले लेकाचे! छतावरच्या डब्यांची सत्ता गॅलरीच्या दारापर्यंतच होती. बाबा दाराबाहेर पडले की पडद्यावरची त्यांची हिरवी रेघ राखाडी होई, सपाट होई, आणि पडदा टुकटुक करू लागे. पहिल्यांदा सिस्टर धावली. दुसऱ्यांदा चालत गेली. मग सगळ्यांनाच कळलं, आणि टुकटुक सुरू झाली की वॉर्डातलं कुणीतरी ओरडे, "काका साइटवर गेले!" आणि बाबा गॅलरीतूनच उत्तर देत, "हाजरी लावा माझी!" शेवटी सिस्टरांनी त्यांच्या खाटेपुरता तो आवाज बंदच केला. कामिनी त्या वेळी तिथेच होती. हसत होती.

बाबा गेले त्या दुपारी रेघ राखाडी झाली तेव्हा ते साइटवर नव्हते. टेबलापासून दहा पावलांवर, हिरव्या कापडी पडद्याआड, आपल्या खाटेवर होते. डबीतली बॅटरी संपली होती. बॅटरी आधी संपली की बाबा, हे सांगू शकेल अशी वस्तू एकच होती, आणि ती गप्प होती.

ते तसेही गेलेच असते, डॉक्टर म्हणाले होते. तसेही. या शब्दावर कामिनीने किती रात्री काढल्या... आणि मग तिने शब्द सोडून माणूस धरलं. रितिका. पंचविशीची, जरीपटक्याहून स्कूटीने येणारी, केसांना पोपटी क्लिप लावणारी. राग येणं सोपं होतं. सकाळी उठवायला काहीतरी लागतं. दुःख उठवत नाही, उशीशी धरून ठेवतं. रागाने मात्र कामिनी उठली, आंघोळ केली, कॉलेजला गेली, आईच्या गोळ्या आणल्या.

आज तीच रितिका ड्यूटीवर होती. सकाळी आईच्या छातीवर डबीच्या चकत्या चिकटवताना एक चकती तिने दोनदा काढून लावली होती. तिने कामिनीकडे पाहिलं नव्हतं. "आता गॅलरीतपण डबा लावला, ताई," ती चकत्यांकडेच बघत बोलली होती. "बॅटरी रोज सकाळी बदलतो. बाथरूमचं दार तेवढं लोखंडी आहे ना, तिथं कधी कधी जाते रेंज. येते परत. टेन्शन नका घेऊ."

येते परत.

आणि भिंतीवर नवा फलक होता: रुग्णांवर चोवीस तास यंत्राची नजर असल्याने नातेवाइकांनी रात्री थांबण्याची गरज नाही. पूर्वी खाटांमधून सतरंज्या पसरलेल्या असत, कुणाची आई, कुणाची सून, उशाला थर्मास. रात्री कुणी नुसता खाकरला तरी चार माणसं उठून बसत. आता फरशी स्वच्छ होती, मोकळी, पुसलेली. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली की निघायचं.

घंटेच्या आत आईला सांगायचं – सगळं – आणि इथून हलवायचं, हे कामिनीने पहाटेच ठरवलं होतं. धंतोलीतल्या एका डॉक्टरांशी बोलूनही ठेवलं होतं.

"आई, आपण दुसरीकडे जाऊ या का?"

"काहून?"

"तिथे रात्री मला तुझ्याजवळ राहता येईल."

"तू राहून काय करशीन? तुले तं मेली सुई पाहून चक्कर येते." आईने टेबलाकडे मान वळवली. रितिका कुणाला तरी फोनवर औषधाचं नाव पुन्हा पुन्हा सांगत होती. आईचा आवाज खाली आला. "तुह्या बाबाजवळ शेवटी ती पोरगी होती, कामिनी. आपण नव्हतो. ती होती. मले बी तीच पाहिजे."

कामिनीने तोंड उघडलं. शब्द तयार होते, पहाटेपासून घासून ठेवलेले. आईच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, फक्त खात्री. आणि काल पडलेल्या, छाती धडधडणाऱ्या बाईच्या हातातून ही खात्री काढून घ्यायची म्हणजे... "पाणी आणते," ती म्हणाली, आणि बाटली न घेताच बाहेर आली.

टेबलासमोरच्या खुर्चीवर ती बसून राहिली. वर पडद्यावर आईची रेघ चालली होती, चढत, उतरत, घाई न करता. खाट दिसत नव्हती, तिच्याभोवतीचा कापडी पडदा ओढलेला होता, पण रेघ होती, आणि रेघ पाहत बसणं आईला पाहत बसण्यापेक्षा सोपं होतं. रेघ काही विचारत नव्हती. कामिनीचे खांदे सैल झाले. कित्येक दिवसांत पहिल्यांदा ती पाठ टेकून बसली. खालून रस्त्यावरचे हॉर्न येत होते, कुठेतरी स्टीलचे डबे उघडत होते, वरणाचा वास...

रेघ राखाडी झाली.

सपाट. टुक. टुक. रितिका फोनवरच होती, पाठमोरी. कामिनीने पाहिलं. आणि मनात विचार आला तो इतका घरगुती, इतका साधा, की तो आला हेसुद्धा कळलं नाही – बाथरूमला गेली असेल.

टुक. टुक. ती बसलेली होती. पाय जमिनीवर होते, त्यांना उठता आलं असतं. भीतीची वाट पाहावी तशी ती वाट पाहत होती, आणि भीती येत नव्हती. येत होता तो नुसता समजूतदारपणा, मऊ, धुतलेल्या चादरीसारखा. लोखंडी दार. येते परत. असंच वाटलं असेल हिला त्या दुपारी. असंच, एवढंच. यात दुष्टपणा नव्हता, आळससुद्धा नव्हता. एक माणूस दुसऱ्या माणसाबद्दल खात्रीने काहीतरी समजून बसलं होतं, बस.

रितिका वळली, फोन टाकला, धावली. हिरवा पडदा सर्रकन सरकला. खाट रिकामी होती. रितिका तशीच बाथरूमच्या दाराकडे गेली, आणि मग आईचा तक्रारीचा आवाज आला, "नळाले पाणीच नाही वं पोरी, केव्हाची उभी आहे मी!" पाठोपाठ प्रयागबाईंचं हसणं. वर रेघ पुन्हा हिरवी झाली होती, चढत, उतरत, मधे काही झालंच नाही अशी.

रितिका परत आली ती धापा टाकत. कामिनीला खुर्चीत बसलेली पाहून थबकली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. रितिकाच्या नजरेत काय होतं ते कामिनीला वाचायचं नव्हतं. तिने आत चाचपून पाहिलं – राग, नेहमीच्या जागी. तिथे काही नव्हतं. इतके दिवस ज्याला धरून ती उभी होती ते कुणीतरी हळूच काढून नेलं होतं, आणि तरी ती पडली नव्हती. उलट हलकी झाली होती, आणि त्या हलकेपणानेच तिच्या अंगावर काटा आला.

घंटा झाली. आईने खाटेवरून हात हलवला, जाय आता, जाय.

धंतोलीला फोन करायचा होता. आईला सांगायचं होतं. अजूनही सांगता आलं असतं. कामिनी पर्स खांद्याला लावून वॉर्डाच्या दारात उभी राहिली, आत नाही, बाहेर नाही, मागून बायका तिला वळसा घालून निघाल्या होत्या. आणि तिला स्पष्ट, अगदी स्पष्ट कळलं, की आज घरी गेलो तर आपल्याला गाढ झोप लागेल.