शेवटच्या वळणावरची कॅसेट

अकोटच्या नियाजभाईंचा भोंगा कुठं वाजला नाही ते विचारा. उरूस, साक्षगंध, कबड्डीचे सामने, निवडणुका, हरवलेल्या म्हशीची दवंडी, सगळीकडे तेच. गावात एकच घर असं होतं, जिथं त्यांचा भोंगा सोळा वर्षांत एकदाही लागला नव्हता. आणि ते घर होतं त्यांच्या सगळ्यात जुन्या मित्राचं, नितेशचं. पोरीच्या बारशाला या बहाद्दरानं पार अचलपूरहून साऊंडवाला आणला. पाळण्यात नाव सांगायच्या वेळी त्या साऊंडवाल्याचं मशीन जळलं, बायकांनी नुसत्या तोंडानं पाळणा म्हटला, पण चार घरं सोडून राहणाऱ्या नियाजकडे काही निरोप गेला नाही. आता याला काय म्हणावं?

भांडण बांधाचं नव्हतं, जातीधर्माचं तर नव्हतंच. भांडण होतं एका सिनेमावरून.

दोघं विशीत होते तेव्हा अकोल्याच्या टॉकीजला शाळकरी पोरांच्या सायकल शर्यतीचा एक सिनेमा लागला. त्यातल्या गाण्यांनी साऱ्या वऱ्हाडाला वेड लावलं. नितेश म्हणजे तालुक्यातला सगळ्यात जोरकस सायकलवाला आणि नियाज म्हणजे गाण्यांचा किडा. चार वेळा दोघं एसटीनं जाऊन सिनेमा पाहून आले. पाचव्या वेळी नियाजनं पिशवीत टेपरेकॉर्डर घातला, वर गाजरं रचली आणि टॉकीजमध्येच एक प्रेमगीत आणि त्यामागून शेवटच्या शर्यतीचं संगीत टेप करून आणलं. त्या कॅसेटमध्ये शेंगा फोडल्याचे आवाज होते, शिट्ट्या होत्या, आणि शर्यतीच्या ऐन रंगात पडद्यावरच्या हिरोवर खेकसणारा नितेश होता, "दाब ना बे, दाब! पाय मोडले काय तुहे?"

त्या वर्षीच्या सव्वीस जानेवारीच्या शर्यतीसाठी नियाजनं डोकं लढवलं. हिरो कसा मागं मागं राहतो आणि शेवटच्या वळणावर संगीत सुरू झालं की सुटतो, तसंच आपणही करायचं. "मी वळणावरच्या कापसाच्या जिनिंगपाशी कॅसेट लावतो. शर्यतीची धून वाजली की तू सूट," असं ठरलं. नितेशनं मान डोलावली. एवढ्या शहाण्या दोघांना नुसतंच जोरात सायकल हाणावी हे काही सुचलं नाही.

घात झाला तो असा. नियाजनं घाईत कॅसेट पुढं सरकवलीच नाही. वळणावर वाजलं ते प्रेमगीत, तेही अख्खं, तिन्ही कडव्यांसकट. आणि नितेश आपला धुनीची वाट पाहत, गाण्याच्या ठेक्यावर सावकाश पायडल मारत, आठवा आला. सारं गाव पोट धरून हसलं. 'प्रेमगीत' हे नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. चार महिन्यांनी लग्नात नवरीकडच्यांनीही त्याच नावानं हाक मारली, तेव्हा त्याच्या डोक्यात सणक गेली. नियाजशी बोलणं बंद. सव्वीस जानेवारीला शर्यतीकडे फिरकणं बंद.

त्या गोष्टीला सोळा वर्षं झाली. कापसाची पार दैना झाली होती. शर्यतीचं पहिलं बक्षीस फवारणीचा पंप होतं, कारण कृषी केंद्रवाल्याच्या दुकानात तोच पडून होता. पण यंदा मुलींची शर्यत पहिल्यांदाच होती, आणि पहिल्या दोघी विभागाच्या निवडीसाठी अमरावतीला जाणार होत्या.

शर्यतीच्या दोन दिवस आधी नितेशची चौदा वर्षांची प्रणाली नियाजच्या दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. नियाजच्या हातातली वायर तशीच राहिली.

"काका, ते कॅसेट अजून हाय काय तुमच्यापाशी? बाबाच्या आवाजाची?"

"तुले कोनं सांगतलं?"

"साऱ्या गावाले मालूम हाय." पोरगी बापासारखीच तोंडावर बोलणारी होती. "बाबा मले रोज पाच वाजता उठवते. सायकल घेऊन माह्या मागं मागं येते, अन् वरडते. पन शर्यतीले येत नाई म्हन्ते. काका, त्याच्या वरडन्याशिवाय माहे पायच चालत नाई. मले अमरावतीले जायाचं हाय."

नियाजला एकदम भरून आलं. पण कबूल करतील तर ते नियाजभाई कसले? वायर गुंडाळत ते म्हणाले, "सोळा वर्सं झाली पोरी त्या टेपले. वाजन, नाई त गुतन. मी काई जबान देत नाई."

"अन् या बारीले गानं नोका लावू."

"ते मी पाहीन," नियाज म्हणाले आणि त्यांचे कान लाल झाले.

घरी जाऊन त्यांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली. त्यांची बायको गजाला पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "हम इस पेटी कू हात लगाए तो चिल्लाते थे. आज खुद निकाले?" नियाजनं कॅसेट फडक्यानं पुसली, खिशात घातली. लावून मात्र पाहिली नाही. एकदाच वाजून तुटणार असेल तर ती वेळ फुकट कशाला घालवायची?

सव्वीस तारखेला अकरा मुली सुटल्या, अकोला रोडनं दहा किलोमीटर जाऊन परत. शेवटच्या रेषेवरचा माईक नियाजनं शर्यत भरवणाऱ्या मंडळाच्या शेषरावांच्या हाती दिला. आपण दुसरा भोंगा आणि जुना टेप घेऊन वळणावर, जिनिंगपाशी बसले. रस्त्याच्या कडेनं कापसाच्या बैलगाड्यांची लांबलचक रांग लागली होती. नियाजनं तिकडे पाहिलंही नाही. त्यांचं सगळं लक्ष रस्त्यावर होतं आणि बोट बटणावर.

पहिली दिसली. मग दुसरी, तिसरी. आणि मागं, बापाच्याच जुन्या सायकलवर, चौथी प्रणाली. मान खाली गेलेली, पाय जड झालेले. नियाजनं अल्लाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

खरखर. नुसती खरखर. पुन्हा आपल्यामुळंच? पुन्हा याच वळणावर?

मग शेंगा फुटल्या. शिट्टी वाजली. ढोलासकट ती धून उसळली आणि तिच्यावरून बावीस वर्षांच्या नितेशचा आवाज अख्ख्या जिनिंगवर घुमला, "दाब ना बे, दाब! पाय मोडले काय तुहे?"

प्रणालीनं मान वर केली. आणि तेवढ्यात गाड्यांच्या रांगेतून तोच आवाज पुन्हा आला, जरा घोगरा, जरा थकलेला, पण भोंग्याच्याही वरताण.

"दाब ना वं, दाब! पाय मोडले काय तुहे?"

कापसाच्या गाडीवर, मांडीभर कापसात रुतून नितेश उभा होता आणि दोन्ही हात हलवत ओरडत होता. टेपमधला ओरडायचा, त्यावर हा ओरडायचा. प्रणालीनं दात आवळले आणि ती सुटली. तिसरीला तिनं वळणावरच मागं टाकलं. दुसरीला गाठलं ते शेवटच्या वीस हातांवर. पहिलीची धूळ मात्र खावीच लागली. शेषराव माईकवर ओरडले, "दुसरी प्रणाली! चाल्ली अमरावतीले!" फवारणीचा पंप हुकला, पण त्याचं दुःख कुणालाच झालं नाही.

जरा वेळानं नितेश गाडीवरून उतरला. डोक्यात, मिशांत कापूस. तो सरळ पोरीकडे जाईल असं नियाजला वाटलं होतं. तो टेपपाशी येऊन उभा राहिला. नियाज उगाच एक वायर सोडवत बसले.

"ह्या बारीले बराबर जागी लावून ठेवली होती," नितेश म्हणाला.

"तू आठवा आला त्याच दिवशी संध्याकाळी लावली होती," नियाज म्हणाले. त्यांना वर पाहवेना. "मंग हातच नाई लावला कवा."

नितेश मिशीतला कापूस काढत राहिला. मग नियाजशेजारी रस्त्यावरच फतकल मारून बसला.

"अन् ते गानं?"

"त्याच्या आंधी हाय. मांगं न्या लागन."

"घे मंग मांगं," नितेश म्हणाला. "गाडीचा नंबर संध्याकाळलोक लागत नाई. मले कुटं जायाचं हाय?"