डेसची उघडी खिडकी

"आता कोणी परत पासवर्ड टाकू नका," डेस दारातूनच म्हणाला. "तुमचे पासवर्ड बरोबर आहेत. यंत्रच कोणाला ओळखत नाहीये."

आम्ही हात मांडीवर घेऊन बसलो. सकाळचे सव्वाआठ वाजले होते, बाहेर आत्ताच अडतीस अंश, आणि कालव्याचे दरवाजे उघडणाऱ्या यंत्रात एकालाही शिरता येत नव्हतं. मरे नदीच्या काठावरच्या या पाणी मंडळात मी द्राक्षबागांच्या पाण्याच्या पाळ्या लावते. दहापर्यंत दरवाजे उघडले नाहीत तर खालच्या अंगाच्या चाळीस बागा दिवसभर कोरड्या राहणार होत्या. म्हाताऱ्या पास्क्वालेचा तिसरा फोन येऊन गेला होता. "रोझाना, दुपारी ये माझ्याकडे," तो म्हणाला होता. "वेलीवरच बेदाणे झालेले दाखवतो."

आमची लिनक्सची यंत्रं डेस हॅनाफर्ड सत्तावीस वर्षं सांभाळत होता आणि आज त्याचा शेवटचा दिवस होता. चार वाजता केक ठरला होता. त्याच्या जागेची गरज उरली नाही, असं आमचा साहेब ट्रेंट सांगत होता, आणि त्याच जागेवर मेलबर्नहून किरा येऊन बसली होती. खरं कारण महिन्यापूर्वीचं एक पत्र होतं.

डेसची एक खोड होती. यंत्राच्या परवानग्यांना हात लावायचा तर आपण पडद्यावरच्या एका खिडकीतून आत राहायचं, दुसरी खिडकी उघडून नव्याने शिरून बघायचं, आणि शिरता आलं तरच पहिली बंद करायची. पंपघरातल्या जुन्या संगणकावर त्याची अशी एक खिडकी कायमच उघडी असे. आधीच आत असलेल्याला यंत्र पुन्हा नाव विचारत नाही. ट्रेंटने त्या पत्रात त्यावरूनच लेखी ताकीद दिली, सुरक्षेचा भंग म्हणून. साक्षीदार म्हणून सही माझी होती. नियम तसा होता हे खरंच, पण मी सही करताना डेसने माझ्याकडे पाहिलं आणि मी पेनाचं टोपण शोधत बसले. त्याची मला अजून लाज वाटते.

किराने काल संध्याकाळी परवानग्यांच्या फाइलीत बदल केला होता आणि नियमाप्रमाणे लगेच बाहेर पडली होती. आता तिलाही आत जाता येईना. मूळ यंत्र मेलबर्नच्या कुठल्याशा इमारतीत होतं, आणि त्याला हात लावायला माणूस दोन वाजता जाणार होता. तोपर्यंत घड वाळून जातील, हे ट्रेंटलाही कळत होतं.

"डेस," तो शेवटी म्हणाला, "तुझी ती पंपघरातली खिडकी आहे का अजून उघडी?"

"पत्रात बंद करायला सांगितलं होतंस."

"आहे का, ते सांग."

"आहे."

पंपघरात डेस खुर्चीवर बसला नाही. त्याने किराला बसवलं, फाइल उघडायला लावली आणि तो मागे उभा राहिला. फाइलीतल्या ओळी यंत्र वरून खाली वाचतं. नकाराची ओळ तिने पासवर्ड तपासणाऱ्या ओळीच्या वर ठेवली होती. म्हणजे दारावरच्या माणसाने नाव विचारायच्या आधीच सगळ्यांना हाकलायचं ठरवलेलं.

"मी करू की तुम्ही करताय?" तिने विचारलं.

"ओळ तू लिहिलीस, तूच खाली घे. आता दुसरी खिडकी उघड आणि स्वतःच्या नावाने शीर."

ती शिरली. नऊ चाळीसला मी पहिला दरवाजा उघडला आणि पास्क्वालेला फोन केला. शिव्या देतच त्याने आभार मानले.

मी पंपघरात परत आले ती ट्रेंट आता काय म्हणतो ते ऐकायलाच. इतकं झाल्यावर माणूस दोन शब्द बोलेल, असं मला वाटत होतं. त्याने मोबाइल खिशात टाकला आणि म्हणाला, "छान झालं. डेस, ही तुझी खिडकी तेवढी आता बंद कर. सोमवारी तपासणीवाले येतायत."

"ट्रेंट, ते पत्र तरी मागे घे," मी म्हणाले.

"रोझाना, त्यावर सही तुझी आहे."

डेसने आमच्यापैकी कोणाकडेच पाहिलं नाही. तो किराकडे वाकला.

"नीट शिरलीस ना आत?"

"हो."

"मग पहिली बंद करायला हरकत नाही."

त्याने उभ्याउभ्याच चार अक्षरं टाकली, बटण दाबलं, खिळ्यावरची टोपी घेतली आणि गाडीकडे गेला. अकराही वाजले नव्हते.

चार वाजता केक आला. त्यावर निळ्या साखरेत त्याचं नाव होतं. ट्रेंटने सुरी माझ्या हातात दिली आणि मी कापला.