तारखा नसलेला प्लॅनर

हरिचंद्र भोईर निवृत्त झाले आणि घरातल्यांना एकदम जाणवलं की स्वयंपाकघराचं दार फार अरुंद आहे. ते त्या दारातच उभे असत. शेवटी सुनेने, म्हणजे प्रगतीने, उल्हासनगरच्या बाजारातून त्यांना एक जाडजूड प्लॅनर आणून दिला. रोजचं एक पान, पानावर तासातासाचे चौकोन, पाणी प्यायलं की रंगवायचे थेंब आणि तळाला 'आज मी कशासाठी कृतज्ञ आहे' अशी ओळ. तारखा मात्र छापलेल्या नव्हत्या.

"दुकानदार म्हणाला, कभी भी शुरू करो, बासी नहीं होता," प्रगतीने सांगितलं.

पहिल्या पानावर 'माझी उद्दिष्टे' होती. तिथे तिने समोर बसून लिहून घेतलं : कानाचं मशीन घेणे. मुदत, प्लॅनर संपायच्या आत.

अंबरनाथच्या एका कारखान्यात हरिचंद्रांचा उभा जन्म प्रेस मशीनशेजारी गेला होता, आणि जाताना कान घेऊन गेला होता. पण मशीन लावायचं म्हणजे हळदीच्या मांडवात चारचौघं बघणार आणि म्हणणार, हरिचंद्र गेला कामातून. शिवाय, खासगीत सांगायचं तर, ऐकू न येणं ही निवृत्तीनंतर मिळालेली एकमेव खरी सवलत होती.

शब्द ते पाळणारच होते. फक्त पान कधी उलटायचं हे त्यांच्या हातात होतं. लिहिण्याजोगा दिवस असला तरच लिहायचं असं त्यांनी ठरवलं, आणि लिहिण्याजोगं काय याबाबतीत ते भलतेच कडक झाले. शिवमंदिरात जाऊन आले, पान नाही. तिथे लोक शेकडो वर्षं जातायत. वीजबिल भरलं, अर्धं पान. उरलेलं पुढच्या बिलाला.

"बाबा, तुमचा अजून पहिलाच आठवडा चाललाय?" गणपतीत प्रगतीने ओरडून विचारलं.

"दर्जा सांभाळतोय," ते म्हणाले.

त्यांची बायको मोतीबाई बाजूला तांदूळ निवडत होत्या. त्यांचीही एक मुदत होती आणि ती पत्रिकेवर छापलेली होती. मार्गशीर्षात भाची चिमीचं लग्न होतं आणि धवले गायला मोतीबाईंना बोलावलं होतं. लग्नातली ही गाणी कागदावर नसतात, तोंडी चालतात. मोतीबाईंना ती सासूने शिकवली होती. सासू गेल्यावर कडवं चुकलं तर सांगणारा अख्ख्या खरवई गावात एकच माणूस उरला होता, सासूचा मुलगा. आणि त्याला ऐकू येत नव्हतं.

दिवाळीनंतर एका दुपारी गॅस सिलिंडर आल्याची नोंद करावी की नाही या विचारात हरिचंद्रांनी प्लॅनर उघडला. खुणेची रिबीन भलतीकडेच गेली होती. मधली सगळी पानं मोतीबाईंच्या सातवी पास, तिरक्या अक्षरात भरलेली होती.

'आजची तीन महत्त्वाची कामं : १. सांगितलं. २. परत सांगितलं. ३. ओरडून सांगितलं.'

पुढच्या पानावर : 'चहा गोड झालाय का विचारलं. म्हणाले, मंगळवारी.'

'कृतज्ञता : आज टीव्ही बंद होता.'

आणि मग पानामागून पान : 'दुपारी धवला म्हणून दाखवला. बरोबर आला का विचारलं. मान डोलावली. पेपर वाचत होते.'

ऊन भिंतीवरून खाली येईपर्यंत हरिचंद्र वाचत राहिले. मोती हल्ली गप्प झालीय, वय झालं, अशी त्यांची इतके दिवस समजूत होती.

मोतीबाई बाहेर आल्या. हरिचंद्रांनी प्लॅनर वर धरला. "माझ्या प्लॅनरमध्ये?"

मोतीबाई त्यांच्या कानाशी वाकल्या. "अवो, तारीख नाय त्याच्यावर. नाव पण नाय कोणाचं. आता दोनच पानं रायलीत, ती मी रात्री भरते."

मुदत म्हणजे मुदत. त्याच आठवड्यात मुलगा त्यांना बदलापूरला घेऊन गेला आणि हरिचंद्र मशीन लावून परतले. घरात पंखा कुरकुरत होता, खाली पाण्याचा पंप चालू होता, वरच्या मजल्यावर कोणीतरी चपला घासत चालत होतं. यातलं काही आपण गमावलं होतं असं त्यांना वाटलं नाही.

"हां, म्हण आता," ते म्हणाले.

मोतीबाईंनी सवयीने डोक्यावर पदर घेतला आणि सुरू केलं. आवाज आईचा नव्हता, पण ओळ ओढत न्यायची पद्धत तीच. हरिचंद्रांनी डोळे मिटले आणि लगेच उघडले.

"थांब. वरमाईचं कडवं मागनं येतं. आधी देवांना आवतण."

"तुमच्या आईनंच असं शिकवलंय."

"आई तिथं चुकायची."

मोतीबाईंनी डोक्यावरचा पदर खाली घेतला. मग अगदी हळू म्हणाल्या, "काढा ते मशीन."

ते त्यांना स्वच्छ ऐकू आलं. एवढ्या हळू बोललेलं एवढं स्वच्छ कधी ऐकलं होतं ते त्यांना आठवेना. खुशीत त्यांनी प्लॅनर उघडला, तर लिहायला पानच नव्हतं. मग मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला त्यांनी लिहिलं : 'मशीन चांगलं आहे.'

पाठीमागे मोतीबाईंनी पुन्हा सुरुवात केली होती. या वेळी आधी देव.