अस्थींच्या कोनाड्यांतलं चीज

दोनातो तीन मार्चला गेला. सतरा दिवसांनी पुरातत्त्व खात्याचा अधिकारी तारान्तिनी नोटीस घेऊन आला. शेताच्या कडेचं थडगं डागडुजीसाठी सोमवारपर्यंत रिकामं करायचं होतं.

थडगं एका रोमन कुटुंबाचं. विटांची गोल खोली, भिंतीत अस्थिकलशांसाठी चोवीस कोनाडे. कलश कधीच गेले होते. पुढे तिथे मेंढ्या बांधल्या गेल्या, युद्धात गावकरी लपले, आणि नंतरची एकेचाळीस वर्षं दोनातोने त्या गारव्यात मेंढीच्या दुधाचं चीज मुरवलं. आत्ता सतरा कोनाड्यांत चीजचे चपटे गोळे होते. फेब्रुवारीत केलेले, जूनमध्ये तयार होणारे. त्याच्या हातचे शेवटचे.

त्याची बायको एर्मेलिंदा दर तीन दिवसांनी ते पालथे करून वर तेलाचं फडकं फिरवायची. अधिकारी आला तेव्हा तिचं तेच चाललं होतं. शेजारचा वीतो जेवणाचा डबा घेऊन आला होता. सुतक संपलं तरी त्याने डबा थांबवला नव्हता.

“जूनपर्यंत राहू द्या, साहेब,” ती म्हणाली. “दुसरं काही मागत नाही.”

“मावशी, सोमवारी परांची बांधायला माणसं येतायत.” तारान्तिनी काय जपायचं त्याची यादी करत होता. धनगराने कोरलेला क्रूस. युद्धातल्या दिव्यांची काजळी.

“काजळी ठेवणार?” वीतोने विचारलं.

“इतिहास आहे तो.”

“आणि चीज?”

“चीज खायची वस्तू आहे हो.”

“इतिहास व्हायला एकेचाळीस वर्षं कमी पडली बघा, वहिनी. दोनातोनं लवकर सुरुवात करायला हवी होती. तसाही उशिराच उठायचा.”

कोणी हसलं नाही.

“घराच्या तळघरात ठेवा,” तारान्तिनी म्हणाला.

“तिथे उबारा आहे. तडकतील.”

त्याने मान खाली घालून पुढची ओळ लिहिली.

आता रडू येईल असं एर्मेलिंदाला वाटलं. आलं नाही. फडक्यातलं तेल संपलं होतं, तरी ती पुसत राहिली. मग तिने तो गोळा उचलला, उंबऱ्यावर ठेवला आणि सुरीने कापला. एक तुकडा वीतोला दिला, एक अधिकाऱ्याला.

“छान आहे,” तारान्तिनी म्हणाला.

“नाही. ह्याला अजून चवच आलेली नाही.” तिने स्वतःचा तुकडा चावून गिळला. नुसतं दूध आणि मीठ. “वीतो, टोपली आण रे.”

उरलेले सोळा उतरवायला वीस मिनिटं लागली.